चाचांचं चौथं बोट

आमच्या घरमालकांना नुसतं "किती वाजले?" विचारलं, तरी ते घड्याळाकडे न पाहता आधी तुमच्याकडे पाहत. "काऊन? कुठं जाऊन राह्यले?" बस पकडायची असेल तर पाच मिनिटं पुढची वेळ सांगत. दवाखान्यात जायचं असेल तर बरोबर सांगत. आणि उगाचच विचारलं असेल तर सांगतच नसत. "कामच नाही तं टाइम घेऊन काय करता?"

मेहकरात सगळे त्यांना तारवाले चाचा म्हणत. सगळी नोकरी तारघरात गेलेली. तार बंद व्हायच्या कितीतरी आधी ते निवृत्त झाले होते, पण त्यांच्या बोटांना तो आदेश कधी मिळालाच नाही. चहाचा कप, स्वतःची मांडी, दाराची कडी, समोर बसलेल्या माणसाचा खांदा, जे हाताखाली येईल त्यावर ती टकटकत असायची. चाची म्हणायच्या, "बुखार देखने को माथे पे हात रखते, तो भी टकटक. चालीस साल हो गये, क्या बोलते पता नहीं."

निवृत्त होताना लोक शाल-नारळ घेऊन येतात. चाचांनी रद्दीत निघालेला कोऱ्या तारेच्या फॉर्मांचा गठ्ठा मागून आणला होता. भाजीची यादी, गवंड्याला निरोप, भाडेकरूंना सूचना, सगळं त्या फॉर्मवर आणि सगळं दहा शब्दांच्या आत. आम्ही वरच्या मजल्यावर राहायला गेलो त्या दिवशी दाराला एक फॉर्म खोचलेला होता: "पाणी सहाला. मोटार बंद करा. कपडे दक्षिणेला वाळवा. चाचा." बायकोने तो वाचला आणि म्हणाली, "मानूस रागीट दिसते, बाप्पा." बायको मोताळ्याची, तिच्या माहेरी पाणी सुटल्याचं सांगायलाही अर्धा तास लागतो.

चाचा रागीट नव्हते. पण त्यांना कशाचाही अर्थ विचारायचा म्हणजे परीक्षा असे. डॉक्टरांची चिठ्ठी असो, मुलाकडच्यांचा निरोप असो, की बँकेच्या पासबुकातली दोन अक्षरं असोत, लोक ओट्यावर येऊन विचारत, "चाचा, याचा मतलब काय?" चाचा मूठ समोर धरत आणि करंगळीपासून एकेक बोट उघडत. करंगळी: "कोन म्हनलं?" दुसरं बोट: "कोनाले म्हनलं?" मधलं: "कवा म्हनलं?" आणि अंगठ्याजवळचं चौथं बोट उघडलं, की ते सरळ विचारणाऱ्याच्या छातीवर रोखलं जाई: "त्याच्या आधी काय झालं व्हतं?" या चारांची उत्तरं मिळाल्याशिवाय चाचा अर्थ सांगत नसत. मिळाल्यावर बहुतेक वेळा सांगायची गरजच उरत नसे, पण मग चहा मात्र मिळे.

ही सवय तारेतली. पूर्वी शुभेच्छांच्या तारेला ठरलेली वाक्यं असत आणि वाक्यांना आकडे. आकडा पाठवायचा, पलीकडच्याने वाक्य लिहायचं. एकदा ऐन लग्नसराईत एका घरी पोचवायच्या तारेत निवडणुकीतल्या विजयाबद्दल अभिनंदन आलं. चाचांनी तार हातात धरली आणि चार बोटं उघडली. पाठवणारा मामा, तार घेणारी भाची, दिवस लग्नाचा, आधी हळद लागलेली. त्यांनी आकडा दुरुस्त केला आणि तार धाडून दिली. "नियमात नव्हतं," ते म्हणायचे. "पन पोरगी मांडवात बसली व्हती, क्लार्कसाहेब. इलेक्शनले नाही."

क्लार्कसाहेब म्हणजे मी. आता नाइलाजाने स्वतःबद्दल सांगायला हवं. तालुक्याच्या कृषी कचेरीत मी लिपिक होतो. म्हणजे लोक शेती करत आणि मी ती टाइप करत असे. इतकी टाइप केली की हळूहळू मला शेतीतलं कळतं असा माझा समज झाला. नातेवाइकांचाही करून दिला. घरची शेती उंद्रीजवळ, आमच्या गावी. ती धाकटा भाऊ करायचा. आईवडील गेल्यावर आम्ही दोघंच उरलो होतो. मी महिन्यातून एकदा एसटीने जाऊन त्याला शेतीतलं सांगून येत असे.

आणि मग एक दिवस तो मला म्हणाला, "पुन्हा या धुऱ्यावर पाय ठेवू नको."

हे वाक्य मी दोन वर्षं सगळ्यांना सांगितलं. लग्नात, तेराव्याला, कटिंगच्या दुकानात, कचेरीत जेवणाच्या सुट्टीत. धुरा म्हणजे शेताची कड. सख्ख्या भावाने सख्ख्या भावाला शेताच्या कडेवर पाय ठेवू नको म्हणावं! मी ते इतक्यांदा सांगितलं की कुठे थांबायचं, कुठे डोळे टिपायचे, हे पाठ झालं होतं. लोक च्यक् च्यक् करत. चाचांनाही सांगितलं. त्यांनी च्यक् केलं नाही. बोटांनी ओट्याच्या फरशीवर काहीतरी टकटकवलं आणि चाचींना चहा सांगितला.

दोन वर्षं आम्ही बोललो नाही. फोन नाही, दिवाळी नाही. पण बायको आणि तिची जाऊ मात्र रोज बोलत. बायकांच्या बातमीपत्राला आमच्या भांडणाने कधी अडथळा आला नाही. तेव्हा मोबाईलवरचं इंटरनेट नुकतंच स्वस्त झालं होतं आणि गावोगावी माना खाली गेल्या होत्या. एका संध्याकाळी बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "भाऊजी आजकाल जेवन झालं का मोबाईलवर लढाई खेळतेत म्हने. दूरदूरच्या मानसाइची टोळी आहे. नाव 'पाखऱ्या' घेतलं म्हने."

पाखऱ्या हा आमच्या लहानपणचा बैल. मी पोळी तशीच ठेवून उठलो.

चाळिशी उलटलेल्या सरकारी कारकुनाने मोबाईलवर बंदूक कशी चालवायची ते शिकायला पंधरा दिवस लागले. खेळ साधा होता. चौघांचा गट करून एका बेटावर उतरायचं, दुसऱ्यांना मारायचं, आपण मरायचं नाही. टोळी उघडी होती, कोणीही शिरावं. त्यात नागपूरची एक नर्स होती, पुण्याचा एक बँकवाला होता, आणखी पंधरावीस जण होते. आणि पाखऱ्या होता. मी 'वऱ्हाडचा वाघ' असं नाव घेतलं आणि ओळख न देता आत गेलो. खेळायची हौस नव्हती. भाऊ दिसावा, एवढंच.

पण दिसायचा तो अक्षरांत. खेळ चालू असताना बाजूला लिहिता येई आणि तिथे कोणी पुरता शब्द लिहीत नसे. दोन अक्षरं, तीन अक्षरं, सगळी इंग्रजी. मी पहिल्या दिवशी मेलो तेव्हा नर्सबाईंनी लिहिलं 'एनटी'. माझ्यासारख्या कारकुनाला एनटी म्हणजे जातीच्या दाखल्यावरचा रकाना. मी प्रामाणिकपणे लिहिलं, "नाही, ओपन." टोळी दोन मिनिटं हसत होती; तिथे एनटी म्हणजे 'नाइस ट्राय' होतं. एकदा बँकवाल्याने लिहिलं 'डीसी झाला'. मी अभिनंदन केलं. मला वाटलं डेप्युटी कलेक्टर झाला. त्याचं नेट तुटलं होतं.

आणि एकदा पाखऱ्याने लिहिलं, "एचपी नाही राहिला."

सकाळी दाढी करताना डोक्यात उजेड पडला आणि मी अर्ध्या दाढीने खाली पळालो. "चाचा, त्यानं मोटार विकली! विहिरीवरची पाच एचपीची! वडिलांनी बसवलेली!"

चाचांनी मूठ समोर धरली. "कोन म्हनलं?"

"भाऊ. म्हणजे पाखऱ्या."

"कोनाले?"

"टोळीला."

"कवा?"

"काल रात्री. लढाई चालू होती."

"त्याच्या आधी?"

मी मोबाईल पाहिला. त्याच्या आधी नर्सबाईंनी विचारलं होतं, "पाखऱ्या, तू पुढे जातोस का?"

"झालं तं मंग," चाचा म्हणाले. "पुढं जा म्हनलं, तो म्हनते जीव नाही राह्यला. खेळातला जीव. मोटार विहिरीवरच आहे. दाढी पुरी करा."

"पण एचपी म्हणजे काय, चाचा? पुरतं काय होतं ते?"

"ते मले काय माहीत? पुऱ्या शब्दाशी काय करता? तो काय म्हनून राह्यला, ते समजलं ना?"

त्या दिवसापासून माझा नेमच झाला. संध्याकाळी खेळायचं आणि सकाळी कचेरीला निघताना पाखऱ्याची अक्षरं घेऊन चाचांच्या ओट्यावर बसायचं. चाचा चष्मा कपाळावर सरकवून वाचत. "हे पाहा, 'जीजी'. जिंकल्यावर आलं तं शाबासकी. अन् सुरुवातीलेच कोनी मेला अन् मंग आलं, तं टोमना. अक्षर तेच. आपन अक्षर नाही वाचत, क्लार्कसाहेब. आपन त्याच्या आजूबाजूचं वाचतो."

आठवड्याभरात त्यांना माझा मोबाईल पुरेना. त्यांनी स्वतःचा घेतला. चाची माझ्या बायकोला म्हणाल्या, "कब्र में पाँव लटके, और ये बंदूक ले के बैठे." पण चाचांनी त्या खेळात कधी कोणाला गोळी मारली नाही. ते बेटावर उतरत, एखाद्या झोपडीत शिरत आणि दाराआड बसून सगळ्यांचं वाचत राहत. नाव 'तारबाबू'. थोड्याच दिवसांत टोळीतले लोक भांडले, की तारबाबूंना विचारू लागले. एकाने काही लिहायचं, दुसऱ्याला ती शिवी वाटायची आणि मग तारबाबूंचे चार प्रश्न यायचे. चौथ्यापर्यंत दोघंही गार पडायचे. बँकवाला तर त्यांना 'सर' म्हणे. निवृत्त माणसाला एवढा मान त्याच्या ऑफिसातही मिळत नाही, चाचांना तो बेटावर मिळाला.

त्या साली कपाशीत गुलाबी बोंडअळी पडली. बाहेरून बोंड हिरवंगार, धड, आणि फोडलं की आत सरकी पोखरत बसलेली अळी. ज्या बीटी बियाण्याला अळी लागत नाही म्हणून सगळ्यांनी डोळे मिटून पेरलं, त्यालाच ती लागली. आमच्या कचेरीत लोक फुटलेली बोंडं पिशवीत घालून आणत आणि माझ्या टेबलावर ओतत. मी अर्जावर शिक्का मारी आणि मनात उंद्रीकडे पाही. पण विचारणार कोणाला? जाऊबाई बायकोला म्हणत, "बरं आहे." बायकांच्या बातमीपत्रातसुद्धा काही गोष्टी छापत नाहीत.

अशात एका संध्याकाळी बँकवाल्याने टोळीत लिहिलं, "बीटी चालत नाहीये यार." कानाला लावायचं त्याचं यंत्र मोबाईलला जुळत नव्हतं, त्याला ते लोक बीटी म्हणतात. पाखऱ्याने लगेच लिहिलं, "कोनतं वान?"

टोळी हसून हसून लोळली. मीही हसलो. सकाळी चाचांना हसत हसतच सांगायला गेलो, तर ते आदल्या संध्याकाळीच झोपडीत बसून वाचून बसले होते. हसत नव्हते.

"हे उत्तर नोहोय," ते म्हणाले. "हे त्याची हालत आहे. त्याच्या डोक्यात दिसरात दुसरं काही नाही, म्हनून त्याले तेच दिसलं. तुमाले डेप्युटी कलेक्टर दिसला, तसं."

मग त्यांनी फॉर्मांच्या गठ्ठ्यातून एक फॉर्म काढला. त्यावर महिन्याभराच्या तारखा होत्या आणि पाखऱ्या किती वाजता आला, किती वाजता गेला, ते बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. "तुमच्या गावात शेतीच्या मोटारीची लाईन एक आठोडा दिवसा अन् एक आठोडा रातची असते ना? हे पाहा. रातच्या लाईनच्या आठोड्यात हा गडी कधीच खेळाले येत नव्हता. पानी द्याले जाये. बरोबर?"

"बरोबर."

"हा आठोडा रातच्या लाईनचा आहे. अन् हा रोज येऊन राह्यला. साडेआठले येते, जात नाही." त्यांनी चष्मा खाली घेतला. "पानी देनं सोडलं त्यानं, क्लार्कसाहेब. वावर सोडून दिलं."

माझ्या टेबलावर रोज ओतली जाणारी बोंडं मला दिसत होती. त्यांतली आमची कोणती, एवढंच ठाऊक नव्हतं.

"फोन करा त्याले," चाचा म्हणाले.

"मी कसा करू? त्यानं मला..."

"काय म्हनलं व्हतं? पुन्हा सांगा."

मी घसा साफ केला. नेहमीच्या जागी थांबलो, नेहमीच्या जागी आवाज बारीक केला. "पुन्हा या धुऱ्यावर पाय ठेवू नको, म्हणाला."

चाचांनी मूठ समोर धरली. दोन वर्षांत या वाक्यावर त्यांनी बोटं उघडली नव्हती. करंगळी उघडली. "कोन म्हनलं?"

"भाऊ. सांगितलं ना."

"कोनाले?"

"मला."

"कवा?"

"दिवाळीनंतर. शेतात रोडग्यांचं जेवण होतं. जिल्ह्याहून आस्थापनेचे साहेब आले होते, त्यांना घेऊन गेलो होतो. कचेरीतले दोघं होते."

"त्याच्या आधी काय झालं व्हतं?"

"आधी काही नाही."

"असं होतच नाही. मुकं मानूसबी आधी डोळ्यानं पाह्यते, मंग हात उचलते."

बोट माझ्या छातीवर रोखलेलं. मी समोरच्या भिंतीकडे पाहिलं, चाचींच्या दोरीवरच्या कपड्यांकडे पाहिलं. कचेरीला उशीर होतोय असंही म्हणून पाहिलं. बोट हललं नाही.

मग मी सांगितलं. बायकोलाही न सांगितलेलं.

बीटी कपाशीच्या पाकिटात मोठ्या पिशवीसोबत एक लहान पिशवी येत असे. तिच्यात साधं बियाणं. ते शेताच्या चारी कडांनी पाच-पाच ओळी लावायचं. अळीने यावं तर त्या कडेच्या ओळी खाव्यात, तिथेच राहावं, म्हणजे आतल्या बीटीला सरावत नाही. मी हे परिपत्रक इतक्यांदा टाइप केलं होतं, की झोपेत म्हणू शकलो असतो. आमच्या जिल्ह्यात ती लहान पिशवी कोणी लावत नसे. पाकीट फोडलं की मोठी पिशवी घ्यायची आणि लहान बांधावर फेकायची. किडीला खाऊ घालायला कोण जमीन देतो? त्या साली मी भावाच्या मागे लागून ती लावायला लावली. गाव हसलं. त्याने लावली.

दिवाळीनंतर साहेबांना घेऊन गेलो तेव्हा धुऱ्यावर उभं राहिलं की समोर दिसायच्या त्या कडेच्याच ओळी. बोंडं किडलेली, पानं चाळण झालेली. ज्यासाठी लावल्या ते काम करत होत्या. साहेबांचा कापसाशी संबंध सदऱ्यापुरता. ते म्हणाले, "काय हो, कृषी कचेरीतला माणूस तुम्ही, आणि घरची कपाशी अशी?"

"मंग तुमी काय म्हनलं?" चाचांनी विचारलं.

"मी म्हणालो..." माझा घसा आता खरोखरच साफ करण्याची गरज होती. "मी हसलो आणि म्हणालो, 'किती सांगितलं साहेब, पण माझा भाऊ ऐकतो कुठे!'"

भाऊ मागेच उभा होता. हातात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची परात.

चाचांची टकटकणारी बोटं थांबली.

"विसरलो होतो मी तेव्हा," मी म्हणालो. "त्या ओळी मीच लावायला सांगितल्या होत्या, हे डोक्यातच आलं नाही."

"साहेब समोर व्हते ना?"

"हो."

"मंग विसरले नाही. भ्याले."

त्यांनी गठ्ठ्यातून एक कोरा फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. "तार लिहा. दहा शब्द."

मी लिहिलं: "त्या वेळच्या परिस्थितीमुळे निर्माण झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे." चाचांनी वाचलं. "हे तार नाही, परिपत्रक आहे," म्हणाले आणि फाडलं. दुसऱ्यात मी 'आपण दोघंही' असं सुरू केलं होतं. ते त्यांनी वाचलंसुद्धा नाही. चौथ्या फॉर्मवर असं उतरलं: "ओळी मीच लावायला सांगितल्या होत्या. साहेबांसमोर खोटं बोललो. दादा."

चाचांनी शब्दांवर बोट ठेवत मोजले. "नऊ झाले."

"दहावा कोणता घालू? माफी?"

"दहावा राहू द्या. त्याले लागन, उत्तराले."

मी म्हटलं, "मग फोनवर पाठवतो त्याला." चाचांनी मान हलवली. "तो अपमान चार मानसांत झाला. टोळीत लिहा. सगळ्याइच्या समोर."

त्या संध्याकाळी पाखऱ्या साडेआठला आला. मी बेटावर उतरलो, झाडामागे उभा राहिलो आणि ती तार जशीच्या तशी लिहिली, पुरत्या शब्दांत. त्या टोळीत इतका लांब मजकूर कोणी कधी लिहिला नव्हता. बँकवाल्याने लगेच विचारलं, "ओळी कुठे आहेत? नवीन मॅप आला का?" आणखी कोणी विचारलं, "कोण साहेब? हॅकर?" तेवढ्यात झोपडीतून तारबाबूंचं आलं: "शांत रहा. घरचं आहे." आणि पंधरावीस माणसं खरोखर शांत राहिली. कोणी गोळी झाडेना. पलीकडच्या टोळीने येऊन आमच्यातले तिघं मारले तरी कोणी हललं नाही.

पाखऱ्या उभा होता. पाच मिनिटं तसाच उभा.

मग त्याने लिहिलं: "ये."

मी मोबाईल घेऊन खाली गेलो. "चाचा, 'ये' म्हणतोय. म्हणजे काय, नक्की? रागानं म्हणतोय की..."

आयुष्यात पहिल्यांदा चाचांनी मूठ समोर धरली नाही. "हे मले काऊन इचारता?" ते म्हणाले. "सकाळची गाडी सहाले आहे."

रजेचा अर्ज न देता मी गेलो. माझ्या नोकरीतला तो एकच गुन्हा. उंद्रीवरून आमच्या शेतापर्यंत चालत गेलो आणि धुऱ्यावर येऊन थांबलो. पाय उचलेना. आत कपाशी उभी होती, हिरवी, धड दिसणारी, सगळी आतून संपलेली. भाऊ मधल्या ओळीत काड्या उपटत होता. त्याने वर पाहिलं.

"काऊन थांबला? ये म्हनलं ना."

मी आत गेलो. त्याने एक बोंड फोडून माझ्या हातावर ठेवलं. अळी गुलाबी, भाताच्या शितापेक्षा थोडी मोठी. आम्ही दोघं तिच्याकडे पाहत राहिलो. मग मी मागे वळलो तर धुऱ्याच्या कडेने पाच ओळी वेगळ्या दिसल्या. जुनं साधं वाण.

"हे तू यंदाही लावलंस?"

"दर साली लावतो."

"आपलं बोलणं बंद असतानाही?"

"तू बंद कर म्हनलं नाही ना," तो म्हणाला. "पन एकट्यानं लावून काय होते? सारं गाव थैली फेकून देते. अळीनं माहाच बांध पाह्यला असता तं गोष्ट वेगळी."

बांधावर बसून भाकरी खाताना मी विचारलं, "टोळीत वऱ्हाडचा वाघ म्हणजे मी, हे कळलं तेव्हा तुला काय वाटलं?"

"कवा कळलं?"

"काल. मी दादा लिहिलं तेव्हा."

तो ठसका लागेस्तोवर हसला. "दादा, पहिल्याच दिवशी कळलं मले. बेटावर उतरला का तू सगळ्याइच्या आधी घरात पळतं, दार लावतं, अन् मंग आतून लिहितं, 'सगळे सांभाळून राहा.' लहानपनी गांधीलमाशीच्या पोळ्याले गोटा कोन मारे? तू. पळे कोन? तू. अन् लांबून 'सांभाळून राहा रे' कोन बोंबले?"

"मग टोळी सोडून का नाही गेलास?"

"तू रोज येऊन राह्यला व्हता ना," तो म्हणाला आणि तांब्या माझ्याकडे सरकवला.

पुढच्या वर्षी त्याने कपाशी सोडून सोयाबीन आणि तूर केली. त्या पावसाळ्यात तो मेहकरला आला तेव्हा तारबाबू आणि पाखऱ्या ओट्यावर समोरासमोर बसले. दोघांनी मोबाईल काढले आणि एकमेकांशी एक शब्द न बोलता तासभर लढले. चाचींनी कपाळावर हात मारला. मीही टोळीत होतो आणि तेवढ्या एका दिवशी चाचांनी एक गोळी झाडली. ती मला लागली.

माझी बदली झाली, आम्ही ते घर सोडलं. निघायच्या दिवशी दाराला फॉर्म होता: "सामान पाहून घ्या. चावी चाचीकडे. सुरुवातीपासून सांगत जा. चाचा." त्यानंतर तीन वर्षांनी चाचा गेले. बातमी फोनवर आली. ऐकताना माझी बोटं टेबलावर वाजत होती, हे बायकोने दाखवलं तेव्हा कळलं. टोळी अजून आहे, माणसं बदलली. यादीत तारबाबूंचं नाव तळाशी आहे, कोणी काढत नाही. नवीन कोणी भांडलं की नर्सबाई अजून विचारतात, "त्याच्या आधी काय?"

आणि त्या लहान पिशव्या आता येत नाहीत. साधं बियाणं मोठ्या पिशवीतच मिसळून येतं, फेकायची सोयच नाही. चाचांना हे फार आवडलं असतं.

घरात लग्नकार्याला सगळे जमले की पोरंसोरं म्हणतात, धुऱ्याची गोष्ट सांगा. आता मी ती माझ्या वाक्यापासून सुरू करतो. "किती सांगितलं साहेब, पण माझा भाऊ ऐकतो कुठे!" इथून. न थांबता, डोळे न टिपता. मला वाटतं, हीच सुरुवात. पण भाऊ शेजारी बसलेला असतो. तो सुपारी कातरता कातरता मान वर न करता म्हणतो, "दादा, त्याच्या आधीचं सांग ना."

त्याच्या आधीचं म्हणजे मृगातली एक सकाळ. पाकीट फोडलेलं, ती लहान पिशवी त्याच्या तळहातावर, बांधावर गावातले चारजण दात काढत उभे. त्याने पिशवी उलटीसुलटी करून पाहिली होती आणि मला विचारलं होतं, "खरंच लावाव का?" मी म्हणालो होतो, "लाव."

आणि तो म्हणाला होता, "तू म्हनतं ना, मंग लावतो."